पूजेच्या गोळीला नख

"काका, ही पुंगळी गोठ्याजवळ ठेवली होती का?" तनुजानं विचारलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की भावाची ही पोरगी एवढी शिकली ती फुकट गेली. पहाटेच्या एसटीनं लातूरहून निघून, चाकूर-अहमदपूर करत, लोणच्याची बरणी मांडीवर सांभाळत मी नांदेड गाठलं होतं. बरणीत लोणचं नव्हतं, सतरा फाटक्या पुंगळ्या होत्या. पिस्तुलातून काडतूस उडालं की गोळी पुढं जाते आणि मागं पितळेचं रिकामं नळकांडं राहतं, ती पुंगळी. ती शाबूत राहिली पाहिजे. फाटली तर पुढं जायचा जाळ मागं येतो, आणि मागं माणूस उभा असतो. एवढी साधी गोष्ट काडतुसांच्या कारखान्याला कळावी म्हणून मी दोन वर्षं पत्रं लिहीत होतो आणि इथं माझी सख्खी पुतणी मला गोठा विचारत होती. मी म्हणालो, लोखंडी कपाट आहे, त्याला दोन कुलपं आहेत, एक किल्ली माझ्याकडं आणि एक सेक्रेटरीकडं, म्हशीकडं एकही नाही. ती हसली नाही. ती कॉलेजात धातूंचा विषय शिकवते आणि शिकवणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या विनोदाला हसायची सवय राहत नाही.

मग तिनं मला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. डोळ्यांना केसाएवढी दिसणारी चीर तिथं काळ्या रानातल्या उन्हाळी भेगेएवढी दिसत होती आणि तिला आडवे फाटे फुटले होते. तनुजा सांगत गेली. पितळेची चकती दाबून, ओढून तिची नळी करतात, तेव्हा पितळेच्या अंगात एक ताण राहून जातो. शेवटी मंद आचेवर भाजून तो काढायचा असतो. ह्या पुंगळ्यांना ती आच नीट लागलेली नाही. हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठायचाच बाकी राहिलो. भाजण्याचं मला ठाऊक नव्हतं, पण पितळ कच्चं आहे हे मी तिसऱ्याच पत्रात लिहिलं होतं. मी तिला म्हणालो, बास, एवढंच लिहून दे, सही कर, कॉलेजचा शिक्का मार. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. असं कच्चं पितळ नुसतं कपाटात पडून राहिलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. त्याला अमोनिया लागला तर मात्र ते आपोआप चिरत जातं, खोक्यात पडल्या पडल्या, कुणी हात न लावता. गोमूत्र, युरिया, संडास, कशातूनही लागू शकतो. "दोन्ही लागतात काका. एकट्यानं हे होत न्हाई. मी लिहीन तर दोन्ही लिहीन, तुम्ही आधी अमोनिया कुठनं आला ते शोधा." हट्टीपणात ती थेट माझ्या भावावर गेली आहे. मी बरणीचं झाकण लावलं, शोधतो म्हणालो आणि तिनं दिलेला पुलाव न खाताच बाहेर पडलो.

बाहेर ऊन रणरणत होतं. सिडकोला जायला रिक्षा केली तर रिक्षावाल्यानं वजिराबादेतच आणखी दोघांना कोंबलं आणि मी बरणीसकट कडेला दाबला गेलो. मला सगळ्यांचाच राग येत होता. रिक्षावाल्याचा, तनुजाचा, उन्हाचा, आणि सगळ्यात जास्त त्या कारखान्यातल्या साहेबाचा, ज्याची सही मी ओळखतो पण तोंड कधी पाहिलेलं नाही. सिडकोत लखनच्या बहिणीचं, दीपालीचं घर आहे. लखन मूळचा रेणापूरकडचा, चोवीस वर्षांचा पोरगा. लातूरला आमच्या मांजरा नेमबाजी मंडळात पिस्तूल शिकायला यायचा. त्याच्या उजव्या डोळ्यावर नांदेडात दोनदा शस्त्रक्रिया झाली, त्यामुळं तो चार महिन्यांपासून बहिणीकडंच आहे. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी आदल्या दिवशी त्याला फोनवर सांगितलं होतं, उद्या रिपोर्ट घेऊनच येतो, कागदावर लिहून आणतो की तुझं काही चुकलं नव्हतं. आता रिपोर्ट नव्हता. बरणी होती आणि गोठ्याचा प्रश्न होता, आणि माझं वय एकसष्ट, गुडघे दुखत होते.

एकूण बावीस पत्रं मी लिहिली. सगळ्यांच्या नकला माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. एका खोक्यात पन्नास काडतुसं, त्यातली तीन-चार तरी फुसकी निघायची. घोडा दाबला की नुसतं टक, आणि मग पिस्तूल खाली धरून अर्धा मिनिट थांबायचं, उडेल का न उडेल म्हणून. काही काडतुसं अंगानं इतकी जाड की पिस्तुलाच्या नळीत बसायचीच नाहीत. एकदा तर एकाला बुडाशी ठिणगी आत जायला भोकच पाडलेलं नव्हतं, ते मी उन्हात धरून सेक्रेटरी शेषेरावांना दाखवलं. शेषेराव म्हणाले होते, पंचाक्षरी, सरकारदरबारी परवान्यावर चाललेलं मंडळ आहे आपलं, लई खोलात शिरू नका. मी शिरलो. कारखान्याचं उत्तर दरवेळी एकच यायचं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. नोंद घेतात म्हणजे काय करतात हे मला अजून कळलेलं नाही. लखनच्या अपघातानंतर मात्र पहिल्यांदाच पान भरून उत्तर आलं, आणि त्यात शेवटी लिहिलं होतं की साठवणुकीतील अथवा हाताळणीतील दोषाची शक्यता नाकारता येत नाही. ते वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. साठवणूक म्हणजे मी. हाताळणी म्हणजे लखन. माल ज्यानं केला त्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

आणि पितळाबद्दल मला कुणी शिकवावं? मी पोलिसांच्या बँडमध्ये बत्तीस वर्षं ट्रम्पेट वाजवला. निलंग्याहून एकोणिसाव्या वर्षी भरती झालो तेव्हा फुंकर मारता येत नव्हती, पहिले सहा महिने फक्त वाद्यं घासली. डबीतलं दुधट पॉलिश फडक्यावर घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, काळं निघालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि संचलनाच्या मैदानावर सूर्य आमच्या वाद्यांत उतरला पाहिजे. आमचे बँडमास्तर म्हणायचे, पितळाचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतं. ते डोळे मिटून वाद्याच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि जिथं केसाएवढी चीर असेल तिथं नख अडायचं. ते मी त्यांच्याकडून शिकलो. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर शेषेरावांनी मंडळाचं कोठार माझ्या ताब्यात दिलं, तेव्हा मी तिथल्या पोरांना तेच शिकवलं. पिस्तुलात भरण्याआधी प्रत्येक काडतुसावरून नख फिरवायचं. बाहेरचे लोक हसायचे. पण आमच्याकडं नेम शिकवणारे कोच येऊन-जाऊन, रोजचा मीच, त्यामुळं पोरं मला उस्ताद म्हणायची, आणि खरं सांगतो, ट्रम्पेटवर मला कधी कुणी उस्ताद म्हणालं नव्हतं. त्या शब्दाची मला चटक लागली.

रिक्षा गोदावरीच्या पुलाआधी थांबली. पुढं ट्रॅक्टर अडकला होता आणि कडेच्या भिंतीच्या आडोशाला लोक वर्षानुवर्षं लघवी करत असणार, कारण उन्हानं तापून तिथला वास असा उठला की शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मीही नाक दाबलं. आणि त्या दाबलेल्या नाकात मला साखराबाईचा आवाज आला. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ट्रम्पेट ओसरीवर घेऊन घासायला बसलो की ती आतून ओरडायची, "अवो, गोठ्यावानी वास मारायलाय त्या तुमच्या पॉलिशीचा, देवापाशी आणू नका ते." ती स्वतः घागरी चिंचेनं घासायची. मी तिला म्हणायचो, चिंच घरातल्या भांड्याला, सरकारी पितळाला सरकारी औषध. पुढं मी काय बोलायचो, ती काय बोलायची, ते सगळं आठवत गेलं, आणि मग त्या आठवणीचा अर्थ मला कळला. कळला तो एकदम नाही. गोठ्यासारखा वास, म्हणजे अमोनिया त्या पॉलिशीतच होता. कपाटाला दोन कुलपं होती आणि गोठा मी माझ्या हातानं, फडक्यावर घेऊन, आत नेला होता.

रिक्षा पुलावर चढली. मला उतरून जावंसं वाटलं, पण पुलावर कोण थांबवतो. मंडळात खंडेनवमीची पूजा मीच सुरू केली होती, नऊ वर्षांपूर्वी. पिस्तुलं साफ करून लाल फडक्यावर मांडायची, झेंडू, हळदकुंकू, नारळ. बँडमध्ये आम्ही वाद्यांची करायचो तशी. मग वाटलं की नुसती पिस्तुलं का, गोळ्याही पूजेला असाव्यात, त्यांच्याशिवाय पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. नव्या मालातली वरची पाच खोकी मी दरवर्षी काढायचो आणि एक एक काडतूस पॉलिशनं घासायचो, अडीचशे काडतुसं, दोन दिवस लागायचे, बोटांची टोकं काळी व्हायची. ताटात रचली की समईच्या उजेडात ती अशी दिसायची की शेषेरावसुद्धा चप्पल काढून उभे राहायचे. पूजेची ती खोकी मग मी वेगळी ठेवायचो. रोजच्या सरावाला ती काढायची नाहीत. कुणाची मोठी स्पर्धा असली, निवड चाचणी असली, की त्यातलं एक खोकं त्याच्या हातात ठेवायचं. पोरं ते कपाळाला लावायची. माझ्याकडं द्यायला दुसरं काय होतं?

मी बरणी उघडली. शेजारची बाई बघत होती, तिला लोणचंच वाटलं असणार. प्रत्येक पुंगळीला मी दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे, तारीख आणि खोक्याचा नंबर. मी नीट काम करणारा माणूस आहे, ह्याचा मला अभिमान होता, आणि आता त्या नीटपणानंच माझी कॉलर धरली. नंबर वाचत गेलो. तीन, एक, पाच, दोन, चार, परत दोन. प्रत्येक वर्षाच्या मालातली वरची पाच खोकी. पाच नंबरच्या पुढची एकही चिठ्ठी नव्हती. फुसक्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या कुठल्याही खोक्यातून निघायच्या, जाड्या गोळ्याही. पण फाटलेल्या सतराच्या सतरा पूजेच्या होत्या. दोन वर्षं मी ह्या चिठ्ठ्या लावत होतो, पत्रांत नंबर उतरवत होतो, आणि एकदाही मला ते दिसलं नाही. दिसलं नाही म्हणतो खरा. मी कारखान्याकडं बोट दाखवण्यात इतका गुंग होतो की बोटाला काळं कशाचं लागलंय ते बघायला सवड नव्हती.

फेब्रुवारीतली ती सकाळ मी हजार वेळा आठवलेली आहे, पण त्यातलं एक मी दरवेळी गाळत आलो. लखनची निवड चाचणी होती. ती निघाली असती तर खेळाडूंच्या जागेतून त्याला नोकरी मिळायची आशा होती, घरात पगाराची पहिली. मी त्याला पूजेचं खोकं दिलं. त्यानं ते कपाळाला लावलं, टेबलावर ठेवलं, पहिलं काडतूस उचललं आणि सवयीनं अंगठ्याचं नख त्याच्यावर टेकवलं. मी पुढं होऊन त्याचा हात धरला. "पूजेच्या गोळीला नख लावू नये रे," मी म्हणालो. त्यानं लगेच काडतूस खाली ठेवलं, जीभ चावली, हात जोडले आणि मग न तपासता भरत गेला. हे मी गाळत होतो. तिसऱ्या फेरीत आवाज आला तो गोळीचा नव्हता. बत्तीस वर्षं सूर ऐकलेले कान आहेत माझे, बाकीच्यांना कळायच्या आधी मला कळलं की हा सूर फुटला. मी वळलो तेव्हा लखन गुडघ्यावर होता, चष्मा कपाळावर सरकलेला, आणि खालून वर उडालेला पितळेचा कपचा त्याच्या डोळ्यात होता. त्यानं पिस्तूल खाली टाकलं नव्हतं. शिकवल्याप्रमाणं तोंड लक्ष्याकडं ठेवून, हळूच, टेबलावर ठेवलं होतं.

पुढं मंडळात चौकशी झाली. शेषेराव, दोन सभासद आणि मी साक्षीदार. लखनच्या डोळ्याला पट्टी होती. शेषेरावांनी विचारलं, काडतुसं भरण्याआधी तपासली होती का? लखन म्हणाला, न्हाई तपासली. का न्हाई? तो माझ्याकडं न बघता म्हणाला, राहून गेलं, चूक झाली माझी. ते तसंच कागदावर उतरलं आणि त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी सही वळणदार आहे, लोक कौतुक करतात. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की पोरगा भेदरलाय, त्याला नीट आठवत नाही. आणि मनात ठरवलं की आता कारखान्याला सोडायचं नाही, ह्या पोराच्या डोळ्याचा जाब मागायचा. एकोणिसावं पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. ते माझ्या सगळ्या पत्रांत उत्तम उतरलं होतं. आता पुलावरून खाली उतरताना मला ते पत्र अक्षरशः तोंडपाठ आठवत होतं आणि मला माझीच शिसारी येत होती.

तरीही, खोटं कशाला सांगू, सिडकोचा कोपरा येईपर्यंत मी वाट शोधत होतो. तनुजानं सांगितलेलं अर्धं खरंच खरं होतं. कारखान्यानं पुंगळी नीट भाजली असती तर माझ्या पॉलिशनं एवढ्यात ती फाटली नसती. भोक न पाडलेलं काडतूस मी बनवलं नव्हतं. फुसक्या गोळ्या मी बनवल्या नव्हत्या. मी जर आता कबूल केलं तर तो न दिसणारा साहेब माझी बावीस पत्रं एका गठ्ठ्यात बांधून त्यावर माझा कबुलीजबाब ठेवील आणि म्हणेल, बघा, बँडवाला होता. आणि उद्या आणखी कुठं एखादी कच्ची पुंगळी फाटेल तेव्हा ह्याचाच दाखला देतील. म्हणजे मी गप्प बसलो तर ते सगळ्यांच्याच भल्याचं. असं मी दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं मनाशी मांडून बघितलं, दरवेळी ते चांगलंच जमत होतं. एवढं चांगलं जमतंय ह्याचाच मग मला संशय आला. गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि रिक्षाचे पैसे दिले.

दीपालीचं घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ती लखनहून आठ वर्षांनी मोठी, नवरा मोंढ्यात हमाली करतो. तिनं पाणी दिलं, बरणी बघून म्हणाली, लोणचं आणलाव जणू. लखन पलंगावर बसला होता, काळा चष्मा लावून. उठून पाया पडला. दाढी वाढली होती. मी बसलो तसा त्यानं रिपोर्टचं विचारलं नाही, त्याचं नेहमीचं सुरू केलं. गेले चार महिने फोनवर तो मला हेच ऐकवत आला होता. मनगट थोडं वाकलं होतं का, पकड सैल होती का, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधी घाई झाली का. दीपाली मशीनवरून म्हणाली, रातंदिस हेच चाललंय मामा, जेवताना बी हात पिस्तूल धरल्यावानी धरतो. मी त्याच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो खरोखरच मांडीवर तसा धरलेला होता.

"माझं नेमकं काय चुकलं, उस्ताद, एवढं सांगा फकस्त," लखन म्हणाला. "डोळ्याचं राहू द्या. चुकलं काय ते कळंना म्हणून झोप न्हाई."

मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. मग मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, तनुजाचा प्रश्न, पुलाजवळचा वास, साखराबाई, पॉलिश, चिठ्ठ्यांवरचे नंबर. कारखान्याचंही सांगितलं, पुंगळ्या कच्च्या आहेत तेही, पण ते मी शेवटी सांगितलं, आधी नाही. आणि म्हणालो, तू नख लावत होतास, मी तुझा हात धरला. हे तुला ठाऊक होतं आणि तू चौकशीत सांगितलं नाहीस. मशीन थांबलं होतं. मी वाट बघत होतो की कुणीतरी ओरडेल, मला हाकलेल, ते बरं झालं असतं. शेवटी दीपालीच बोलली, हळू आवाजात, खरंच न कळल्यासारखी.

"मग इतके दिवस तुमी पत्रं कुणाला लिहून राहिलाव?"

एकसष्ट वर्षांत मला कुणी इतकं सरळ काही विचारलं नव्हतं. मी माझ्या बोटांकडं बघत बसलो. पॉलिशचं काळं निघायला चार दिवस लागतात, नंतर नखाच्या कडेला थोडं राहतंच.

लखन उठला. भिंतीला हात लावत आत गेला, आतल्या खोलीच्या कोनाड्यात देव आहेत, तिथं काहीतरी चाचपलं आणि परत आला. त्याच्या तळहातावर एक पुंगळी होती, लख्ख, बुडाला कुंकू लागलेली. मी ओळखली. चार वर्षांपूर्वी त्यानं पहिलं पदक आणलं तेव्हा शेवटच्या गोळीची पुंगळी मी त्याला दिली होती. उडालेली प्रत्येक पुंगळी मोजून परत जमा करायची असते, गवतात एक हरपली तरी सगळ्या पोरांनी वाकून शोधायची असते. त्या दिवशी मी वहीत एक हरवली असं लिहिलं, उभ्या जन्मात केलेली माझी एकुलती एक खोटी नोंद. सोबत त्याला पॉलिशची एक छोटी डबीही दिली होती, खंडेनवमीला घास म्हणून. दीपाली म्हणाली, तवाच त्यानं माज्या देवापाशी ठिवली, दरसाली मीच घासते ती, ह्यो आल्यापासून तर दर सोमवारी, डोळ्यासाठी.

लखननं चष्मा काढला. उजवा डोळा मला पहिल्यांदा उघडा दिसला, पांढुरका, एकीकडं ओढलेला. मी नजर खाली घेतली नाही, घ्यावीशी वाटली तरी. त्यानं दोन्ही डोळे मिटले, पुंगळी डाव्या हाताच्या चिमटीत धरली आणि उजव्या अंगठ्याचं नख तोंडापासून बुडाकडं हळूहळू सरकवत आणलं, एक फेरी, मग थोडी फिरवून दुसरी. मी शिकवलं होतं अगदी तसं, घाई न करता. तिसऱ्या फेरीला नख अडलं. तो तिथंच थांबला.

"हितं हाय," तो म्हणाला. मग, "तवा नख लावलं असतं तर तवा बी लागलं असतं न्हवं?"

मी म्हणालो, लागलं असतं.

त्यानं मान हलवली. रागावला की काय ते मला समजलं नाही, आजही समजलेलं नाही. पण मांडीवरचा त्याचा उजवा हात सैल पडला होता, चारी बोटं उघडी. मग त्यानं बरणी ओढून घेतली, झाकण फिरवलं आणि देवातली ती पुंगळी आत टाकली. काचेला लागून तिचा आवाज झाला, बारीक आणि फुटका.

"चिठ्ठी बांधा हिला बी," तो म्हणाला. "आन कारखान्याला धाडा समद्या. त्यांचं बी लिवा, सोडू नका. पर आपलं आधी लिवा."

दीपालीनं मशीनच्या खणातून दोरा दिला आणि पोरांच्या वहीचं पान फाडून दिलं. बरणीत आता अठरा झाल्या होत्या. मी पेन काढलं, तारीख घातली, आणि खोक्याचा नंबर लिहायच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं.